दुसरा ब्रेक

शिकाऊ माणूस पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसला की मी त्याला एकच गोष्ट सांगते. रस्त्यावर कुणावर म्हणजे कुणावर विश्वास ठेवायचा नाही. थांबलेल्या बसच्या पुढून माणूस निघणारच. चेंडू घरंगळत आला की मागून मूल येणारच. झेब्रा क्रॉसिंगच्या काठावर मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभी असलेली मुलगी, तुम्ही अगदी जवळ आलात की नेमकं तेव्हाच पाऊल टाकणार. तेव्हा संशय घ्या आणि पाय ब्रेकवर ठेवा. काही जण हसतात. हसोत बापडे. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेला माणूस पट्ट्यांवर चालणाऱ्याला धक्का लावत नाही अशी ख्याती आहे, आणि ती काही गोड बोलून मिळालेली नाही.

हे सगळं मला शिकवलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे माझे यजमान. मी त्यांच्याकडे गाडी शिकायला गेले होते. गाडी आली, मागोमाग मास्तरही आले. आईला वाटलं होतं मुलगी लायसन्स घेऊन येईल, मी नवरा घेऊन आले. लग्नानंतरही तोंडातलं 'मास्तर' गेलं नाही. सकाळची बॅच माझी, दुपारची त्यांची, गाडी दोघांत एकच. माणूस शांत. पट्ट्यांवर एखादं म्हातारं माणूस दिसलं तर इंजिन बंद करून बसतील, पण हॉर्न वाजवणार नाहीत. आरडाओरड्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे.

आमच्या गाडीत ब्रेक दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा डाव्या सीटसमोर, शिकवणाऱ्यासाठी. आतून दोन्ही जोडलेले असतात. एक दाबला की दुसरा आपोआप खाली जातो. इतकी वर्षं त्या डाव्या सीटवर बसून माझा उजवा पाय माझा राहिलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसले तरी तो खाली काहीतरी दाबत असतो. सिनेमाला गेलो आणि पडद्यावर गाडी वेगात आली की पुढच्या खुर्चीतल्या माणसाला लाथ बसते. मास्तर त्या माणसाची माफी मागतात आणि म्हणतात, हिच्या पायाला वेगळा पगार द्यायला हवा.

तर असे हे मास्तर मध्यंतरी माझ्याशी गोड बोलायला लागले.

सुरुवात पेट्रोल भरण्यापासून झाली. "चल गं, पंपावर जाऊन येऊ." मी भाजी चिरत होते. मी म्हटलं, पेट्रोल भरायला दोन माणसं कशाला लागतात, एकानं नळी धरायची आणि दुसऱ्यानं काय टाळ्या वाजवायच्या? तर म्हणाले, "एकट्याला कंटाळा येतो." मी सुरी खाली ठेवली. हा माणूस आयुष्यभर म्हणत आलाय की गाडीत मी फार बोलते, माझ्या बडबडीनं इंजिनचा आवाज ऐकू येत नाही. आणि आता यांना माझ्यावाचून करमेना. मग गॅरेज. मग बँक. मग नुसतंच, "येतेस का, जरा चक्कर मारू." आणि गाडीत बसलं की, "बोल ना, गप्प का?" मी बोलायची. ते गाडी चालवायचे, नाकासमोर बघत, शांतपणे. पट्टे आले की गाडी अलगद थांबायची. लोक जायचे. गाडी पुढे निघायची. वरवर पाहता सगळं कसं छान.

मला ते छान वाटलं असतं, पण माझा स्वभाव. या वयात नवरा अचानक गोड झाला की बायकोनं समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय. मी फोनवर ताईला सांगितलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. संशयाच्या बाबतीत मी मास्तरांची शिष्या असेन, पण ताई ही मुळातली गुरू. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बाहेर कोणीतरी आहे."

"ताई, त्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. बाई कुठून सापडणार?"

"गोगलगाय आणि पोटात पाय. तुला कायम बरोबर नेतो म्हणजे तुझ्या डोळ्यांवर झापड बांधतोय. नको तेव्हा बरोबर नेतो, म्हणजे हवं तेव्हा एकट्याला जाता यावं. दुपारी कुठे असतो तो?"

"दुपारी बॅच असते."

"बॅचमध्ये कोण कोण आहे?"

मी फोन ठेवला, पण पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच. दुपारच्या बॅचमध्ये बँकेत काम करणारी एक बाई होती. दुसऱ्या दिवशी ती भेटली तेव्हा मी तिच्याकडे जरा जास्तच बघितलं. बिचारी पन्नाशीची, दमेकरी, आणि मास्तरांचं नाव काढताच तिचा चेहरा खुलला. म्हटलं, ताईचं खरं निघतंय वाटतं.

"मॅडम, मास्तरांची ती नवी पद्धत काय सुरेख आहे हो. गाडी चालवताना सारखं मोठ्यानं बोलायचं. काय काय दिसतंय ते सगळं सांगायचं. डावीकडे बाई उभी आहे, कडेवर मूल आहे, पट्ट्यांकडे बघतेय. असं बोललं की आपोआप पाय ब्रेकवर जातो. आणि डावीकडचं आधी सांगायचं. उजवीकडचं मागून सांगितलं तरी चालतं म्हणतात."

"डावीकडचंच आधी का?"

"फुटपाथ डावीकडे असतो ना. माणूस तिकडूनच उतरतो."

उत्तर अगदी बिनतोड होतं. पण मला न सांगता नवी पद्धत? आम्ही दोघं मिळून चहा पिताना ठरवतो की अमक्याला रिव्हर्स येत नाही, तमक्याला उतारावर न्यायला हवं. रात्रीच्या जेवणाला विषय काढला तर म्हणाले, "माणूस बोलला की त्याला दिसतं." आणि मीठ शोधायला लागले. मीठ त्यांच्या डाव्या हाताशी होतं. मी ते सरकवून दिलं. तेव्हा मला वाटलं, हे विषय टाळतायत.

मग आरसा फुटला.

त्या दुपारी गाडी दारात आली ती डावा आरसा आत दुमडलेला आणि काच तडकलेली अशी. मास्तर आत आले, हात धुतले आणि मी विचारायच्या आत म्हणाले, "खांबाला घासला." चहा ढवळत राहिले. साखर विरघळून चहा गार झाला तरी ढवळत होते. मी बाहेर जाऊन आरसा बघितला. आमच्या गाडीला शिकाऊ लोकांनी इतके प्रसाद दिलेत की कोणता ओरखडा कशाचा हे मी डोळे मिटून सांगेन. खांबाला गाडी घासली की प्लास्टिक खरवडतं, खांबाचा रंग लागतो. इथं साधी रेघसुद्धा नव्हती. काहीतरी मऊ लागलं होतं. मऊ आणि जड.

मी आत आले. "कुठला खांब?"

"कोपऱ्यावरचा."

"कुठला कोपरा?"

"अगं, आरसा फुटला, डोकं नाही ना फुटलं कुणाचं," मास्तर म्हणाले.

आजवर कधी ते मला असं तोडून बोलले नव्हते. आणि डोक्याचं मी विचारलंच नव्हतं. त्या क्षणापासून बँकेतली बाई, ताईची बाई, सगळ्या बाया माझ्या मनातून गेल्या आणि त्यांच्या जागी एकच प्रश्न येऊन बसला. यांनी कुणाला तरी उडवलंय का? असं वाटलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली. ज्या माणसानं मला ब्रेक कसा दाबायचा ते शिकवलं, त्याच्याबद्दल मी हे मनात आणते. पण एकदा आलेलं मनातून जाईना. जेवताना त्यांच्या हातांकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बॅचला गेल्यावर मी पायी निघाले. ते ज्या रस्त्यानं पहिल्या विद्यार्थ्याला घ्यायला जातात तोच रस्ता धरला. कोपऱ्याकोपऱ्यावरचे खांब बघत गेले. लोकांना वाटलं असेल बाईचं काहीतरी हरवलंय. एकाही खांबाला ताजी खूण नव्हती.

पायी असलं की रस्ता निराळा दिसतो. गाडीत बसून मी त्या चौपदरी रस्त्यावरून रोज जाते, पण पट्ट्यांच्या काठावर उभी राहिले तेव्हा तो ओळखू येईना. एक गाडी थांबली तर तिच्या बाजूनं दुसरी सुसाट निघून गेली. तिसरीतला माणूस मांडीवरच्या फोनमध्ये बघत होता. पट्टे पुसट झालेले, रंग असून नसल्यासारखा. मी पाऊल टाकलं, मागे घेतलं, पुन्हा टाकलं. शेवटी शाळेसमोरच्या क्रॉसिंगपर्यंत चालत गेले, कारण तिथं पाटीवाली असते.

पाटीवाली म्हणजे मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई. हातात 'थांबा' असं लिहिलेली लाल पाटी घेऊन रस्त्याच्या मध्ये उभी राहते. आवाज असा की ट्रकवालेसुद्धा मान खाली घालतात. आमची गाडी थांबली की माझ्याकडे बघून हसायची. आज तिनं पाटी डाव्या हातात धरली होती. उजव्या कोपराला पट्टा बांधून हात गळ्यात अडकवला होता.

विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "हाताला काय झालं?"

तिनं मुलांचा एक घोळका पलीकडे सोडला, परत आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"मास्तरांनी नाही सांगितलं?"

"खांब म्हणाले."

"मी खांब." ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मॅडम, मी मुलांना काय शिकवते? ड्रायव्हरकडे बघा, त्यानं तुमच्याकडे बघितलं की मगच उतरा. मी पण तेच करते. मास्तरांचं तोंड माझ्याकडेच होतं. समोरून, सरळ. मी उतरले. आणि गाडी आलीच. मागे उडी मारली म्हणून कोपरावर निभावलं. आवाज केवढा झाला. थांबलेसुद्धा नाहीत."

"तक्रार का नाही केलीस?"

"माझ्या धाकट्या भावाला त्यांनीच शिकवलंय. तो आज गाडी चालवूनच पोट भरतो. म्हटलं, झाली असेल चूक." मग तिनं आवाज खाली आणला. "पण ही पहिली वेळ नव्हती. त्याआधीही न थांबता गेलेत. मी काय त्यांचं वाकडं केलंय, सांगा. तुम्ही बाजूला बसलेल्या असलात की गाडी कशी लोण्यासारखी थांबते. एकटे असले की थांबत नाहीत. आता तर मी ठरवूनच टाकलंय. ती गाडी दिसली आणि तुम्ही आत नसलात, तर आधी मुलांना मागे खेचते."

तिनं पाटी वर केली. पुढचा घोळका निघाला. मी तिथल्याच कठड्यावर बसून राहिले.

तुम्ही असलात की थांबते. तुम्ही नसलात की नाही. हे कसलं कोडं? बायकोपुढे सभ्य आणि बायकोमागे दांडगाई, असे ड्रायव्हर मी ढिगानं बघितलेत. पण मास्तर तसे नाहीत. नाहीत ना? मी एकेक प्रसंग आठवायला लागले. पंपावर जाताना गाडी थांबली, समोरून बाई गेली. बँकेपाशी थांबली, कॉलेजची पोरं गेली. दर वेळी पेडल खाली जात होतं, ते मला तळव्याला जाणवत होतं. मास्तर दाबतायत आणि माझ्या बाजूचं खाली जातंय, असं मी धरून चालले होते. पण आधी कोण दाबत होतं? हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. इतकी वर्षं शेजारी बसल्यावर दोन पायांमध्ये पहिला कोण आणि दुसरा कोण, ते कोण बघतं? मी माझ्या उजव्या पायाकडे बघितलं. चपलेत निवांत बसला होता, काही न केल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचला मी सुट्टी दिली आणि मास्तरांना सरावाच्या मैदानावर नेलं. म्हटलं, तिथले पट्टे पुसट झालेत, कुठून कुठवर रंगवायचे ते ठरवू. मैदानावर आम्ही खरं क्रॉसिंग काढून ठेवलंय, मापानं. पट्ट्यांपासून बऱ्याच लांब, फाटकाशी मी डाव्या सीटवरून उतरले आणि म्हणाले, "मी पुढे चालत जाते. मी हात केला की गाडी हळू आणा, पट्ट्यांपाशी थांबा."

"तू कशाला चालतेस, बस की," ते म्हणाले. त्या 'बस की'मध्ये जी घाई होती ती मी ऐकली.

मी चालत गेले आणि पट्ट्यांवर डाव्या कडेला उभी राहिले. पिवळी साडी होती अंगावर, आंधळ्यालाही दिसावी अशी. हात वर केला. गाडी निघाली नाही. पुन्हा केला. शेवटी ओरडले, "या." गाडी निघाली. हळू येत होती, माणूस चालेल त्याहून थोडी जलद. काचेमागे मास्तरांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तोंड माझ्याच दिशेला होतं. मी मनात म्हणत होते, थांबा हो, थांबा. मला खोटी पाडा. घरी जाऊन मी स्वतःच्या संशयी स्वभावाला चार शिव्या देईन.

गाडी पट्ट्यांवर आली. मी मागे झाले. तो फुटका आरसा माझ्या पदराला लागून गेला.

जरा पुढे जाऊन ती थांबली. मास्तर उतरले, उजवीकडे बघितलं, समोर बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं. मी त्यांच्या डाव्या हाताला होते, हाकेच्याही अलीकडे.

"अगं," त्यांनी हाक मारली, "कुठे गेलीस?"

मला ओरडता आलं नाही. आरडाओरड्याचं खातं माझ्याकडे, आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. शेवटी मी म्हणाले, "मी इथेच आहे."

त्यांनी आख्खी मान वळवली, मग खांदे वळवले, तेव्हा मी त्यांना दिसले. माझे पाय पट्ट्यांवर होते. ते बघून त्यांचा चेहरा उतरला. ते गाडीला टेकून उभे राहिले.

"किती दिसतं?" मी विचारलं.

"समोरचं सगळं दिसतं. उजवीकडचंही बऱ्यापैकी."

"आणि डावीकडचं?"

"डावीकडे अंधार नसतो गं. अंधार असता तर कळलं असतं. तिथं काही आहे हेच कळत नाही." मग म्हणाले, "काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर. थेंब घालतोय, उरलेलं टिकावं म्हणून."

"गाडीचं काय म्हणाले डॉक्टर?"

मास्तर बोनेटवरची धूळ बोटानं पुसायला लागले.

"मास्तर, गाडीचं काय म्हणाले?"

"चालवू नका म्हणाले."

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी एक ठेवून द्यावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. "मग मला सोबत का नेत होतात?"

त्यांनी मान वळवून डाव्या सीटकडे बघितलं. मग म्हणाले, "एकदा रस्त्यात पेडल माझ्या पायाखालून आपोआप खाली गेलं. मी दाबलं नव्हतं. बघतो तर समोर एक बाई, पट्ट्यांवर. मला ती दिसलीच नव्हती. तू बोलत होतीस, ताईच्या गुडघ्याबद्दल. बोलता बोलता दाबलंस. वाक्यसुद्धा तोडलं नाहीस. तुझं तुलाच कळलं नाही. तेव्हा वाटलं, निभेल. तू शेजारी आहेस तोवर निभेल."

म्हणजे इतके महिने हा माणूस माझ्याशी गोड बोलत नव्हता, माझ्या उजव्या पायाशी बोलत होता. ताईची ती बाहेरची बाई निघाली असती तर परवडलं असतं. निदान तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. आता कुणाच्या उपटू?

"आणि मी नसताना?" मी म्हटलं. "मी नसताना रस्त्यावर माणसं नसतात का?"

"सावकाश चालवतो."

"आरसा कशाला लागला?"

"सांगितलं ना. खांब."

"कोपर होतं ते. शाळेजवळच्या पाटीवालीचं. हात गळ्यात अडकवून उभी आहे. तरी पाटी सोडली नाही तिनं."

मास्तर खाली बसले. तिथंच, मातीत, चाकाला पाठ लावून. "मला वाटलं खांब आहे," ते म्हणाले.

"वाटलं, की वाटून घेतलंत? उतरून बघितलं असतंत तर कळलं असतं. म्हणूनच उतरला नाहीत ना?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. आणि मला त्यांच्या डोळ्यांपेक्षा त्या न दिलेल्या उत्तरानं रडू आलं. डोळे जातात, त्याला कोण काय करणार. पण हा माणूस न उतरता पुढे निघून गेला होता. माझा मास्तर.

रडून झाल्यावर मी हात पुढे केला. त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली. मग सवयीनं उठून डाव्या दाराकडे गेले.

"तिथं नाही," मी म्हणाले. "मागे बसा."

"अगं, पण..."

"त्या सीटपुढे ब्रेक आहे. ती शिकवणाऱ्याची जागा आहे. मागे."

ते मागे बसले. मी आरसे नीट केले, म्हणजे जो धड होता तो, आणि गाडी शाळेच्या रस्त्याला लावली. सकाळची शाळा सुटायची वेळ झाली होती. क्रॉसिंग आलं आणि मी दाबलं. पेडल खाली गेलं आणि मला एकदम एकटं वाटलं, कारण शेजारी कुणीच नव्हतं. पाटीवालीनं मला बघितलं, मग मागच्या सीटवर बघितलं आणि तिची पाटी थोडी खाली आली.

"कोण जातंय?" मास्तरांनी मागून विचारलं.

मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मनात खूप होतं, सांगू नये असंही होतं. पण सांगितलं. "डावीकडून एक आजोबा. काठी आहे. अजून निम्म्यातच आहेत."

आमच्या मागच्या गाडीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेना.

"वाजवू दे त्याला," मास्तर म्हणाले. "तू हलू नकोस."

आजोबा गेले. मी गाडी पुढे नेऊन कडेला लावली आणि इंजिन बंद केलं. "उतरा," मी म्हणाले. "ती पलीकडे आहे. तिला जाऊन सांगा."

"तू येतेस का?"

"नाही."

ते उतरले. पट्ट्यांपर्यंत चालत गेले आणि काठावर उभे राहिले. मी मागच्या आरशातून बघत होते. त्यांनी आख्खी मान डावीकडे फिरवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. गाड्या येत होत्या. एकही थांबत नव्हती. त्यांनी पाय खाली टाकला आणि वर घेतला. लोकांना रस्ता द्यायला शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या माणसाला तो ओलांडता येईना. माझा हात दाराच्या कडीवर गेला. उतरावं की नाही, मला ठरवता येईना.

पाटीवालीनं त्यांना बघितलं. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग रस्त्याच्या मधोमध आली आणि डाव्या हातानं पाटी उंच धरली. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. मास्तर हळूहळू चालत गेले.

ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पाटीवाली ऐकत होती. मध्ये तिनं काहीतरी विचारलं. मास्तरांनी डोळ्यांच्या डाव्या बाजूला हात धरून दाखवला, मग मान खाली घातली. मुलं दोघांच्या बाजूनं जात होती. शेवटी तिनं पाटी पुन्हा वर केली आणि त्यांना परत आणायला निघाली. येताना ती त्यांच्या उजवीकडे होती. दोन पावलं चालल्यावर थांबली, मागून वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला आली आणि तिथून चालू लागली. म्हणजे मास्तरांनी तिला सगळं सांगितलं होतं.